टर्मवर्क, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि एआय : अभियांत्रिकीच्या शिक्षकाने गुण नेमके कशाला द्यावेत?

प्रश्न : गोदाकाठ

नमस्कार. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या नाशिकमधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी स्थापत्य विभागात शिकवते. तृतीय वर्षाचे आर.सी.सी. (सळया घातलेल्या काँक्रीटचे) डिझाइन आणि अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टचे काही गट माझ्याकडे असतात. गेल्या काही सत्रांपासून एक प्रश्न सतत समोर येतो आहे. स्टाफरूममधल्या चर्चेतून तो सुटत नाही, म्हणून इथे सविस्तर मांडते.

टर्मवर्कच्या, म्हणजे सत्रभराच्या लेखी कामाच्या, फायली आता इतक्या नीटनेटक्या येतात की वाचताना प्रथम समाधानच वाटते. प्रस्तावना मुद्देसूद असते, इंग्रजी निर्दोष असते आणि गणिताच्या पायऱ्या क्रमाने मांडलेल्या असतात. त्याच विद्यार्थ्याला ओरलला (तोंडी परीक्षेला) समोर बसवून ‘इथे हा गुणक का घेतलास?’ एवढेच विचारले, तर बहुतेक वेळा उत्तर येत नाही. फाइल हाताने लिहून आणण्याची अट घालून पाहिली. विद्यार्थी मोबाइलवर आलेले उत्तर हाताने उतरवून काढतात, त्यामुळे अक्षर तेवढे त्यांचे असते.

एक उदाहरण देते, म्हणजे माझी काळजी नेमकी कशाची आहे ते कळेल. सिंपली सपोर्टेड, म्हणजे दोन्ही टोके आधारांवर नुसती टेकवलेल्या, बीमचे साधे डिझाइन दिले होते. डेड लोड (बांधकामाचे स्वतःचे वजन) मीटरला १० किलोन्यूटन आणि लाइव्ह लोड (माणसे, सामान यांचे वजन) मीटरला ५ किलोन्यूटन होता. आयएस ४५६ : २००० या काँक्रीटच्या भारतीय संहितेप्रमाणे दोन्हींच्या बेरजेला १.५ ने गुणायचे, म्हणजे डिझाइनसाठी धरायचा भार (फॅक्टर्ड लोड) २२.५ येतो. काही फायलींत तो २० आला होता, कारण डेड लोडला १.२ आणि लाइव्ह लोडला १.६ हे अमेरिकन संहितेतले गुणक लावले होते. पुढच्या पानावर मात्र ०.३६ एफसीके आणि ०.४२ एक्सयू ही ताकद काढण्याची आपल्याच संहितेतली पदे होती, आणि डिफ्लेक्शनसाठी (बीम किती वाकेल यासाठी) काँक्रीटचा इलॅस्टिक मॉड्युलस काढताना ५००० ऐवजी पुन्हा अमेरिकन संहितेतला ४७०० हा स्थिरांक घेतला होता. आपली एम २५ ही श्रेणी १५० मिलिमीटरच्या क्यूबच्या चाचणीवर ठरते, अमेरिकन संहिता सिलिंडरची ताकद धरते, आणि एकाच काँक्रीटची सिलिंडरवरची ताकद क्यूबपेक्षा साधारण पाचव्या हिश्श्याने कमी भरते. हे ज्याला माहीत नाही त्याला या दोन स्थिरांकांमधला फरक किरकोळ वाटेल. कोणतीही संहिता भाराच्या बाजूचे आणि ताकदीच्या बाजूचे सुरक्षा-गुणक एकमेकांशी जुळवून तयार केलेली असते. एकीचे भार आणि दुसरीची ताकद घेतली, तर प्रत्येक बेरीज-गुणाकार बरोबर असूनही त्या बीममध्ये सुरक्षिततेला किती वाव उरला हे कोणालाच सांगता येणार नाही. ज्यांच्या फायलींत हे होते, त्यांपैकी एकाच्याही ते लक्षात आलेले नव्हते.

नियमांच्या बाजूने फारसा आधार मिळत नाही. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेने २०२५ हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे वर्ष म्हणून जाहीर केले, त्यानिमित्ताने कार्यशाळा झाल्या, आणि शिक्षकांनी ही साधने वापरावीत असे आम्हाला आग्रहाने सांगितले गेले. विद्यार्थ्याने टर्मवर्कमध्ये ती कुठपर्यंत वापरावीत, हे मात्र आमच्याकडे ज्या त्या शिक्षकावर सोडलेले आहे. युजीसीचे वाङ्मयचौर्याविषयीचे २०१८ चे नियम साम्याच्या टक्केवारीवर आधारलेले आहेत, १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही अशा धर्तीचे. यंत्राने दरवेळी नव्याने जुळवलेल्या वाक्यांत साम्य सापडतच नाही.

२०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात आणि त्र्यंबकेश्वरला जी कामे चालू आहेत, त्यांवर आमचे आत्ताचे विद्यार्थी कनिष्ठ अभियंते म्हणून उभे राहणार आहेत. त्यामुळे हा विषय मला केवळ गुणपत्रिकेचा वाटत नाही. सरसकट बंदी पाळली जाणार नाही हे मला दिसते, आणि पूर्ण मोकळीक देणे मनाला पटत नाही. आपल्यापैकी जे शिकवतात, उद्योगात आहेत किंवा सध्या शिकत आहेत, त्यांनी सांगावे : आता गुण नेमके कशाला द्यावेत?

उत्तर : आडगावकर

मॅडम, मी स्थापत्य विभागातच आयुष्यभर शिकवले आणि आता निवृत्त आहे. आपण दिलेले उदाहरण वाचून आमच्याकडे स्टॅड प्रो हे डिझाइनचे सॉफ्टवेअर पहिल्यांदा आले तो काळ आठवला. तेव्हाही उत्तरे देखणी येत, बेंडिंग मोमेंटच्या (बीमला वाकवणाऱ्या परिणामाच्या) रंगीत आकृत्या येत आणि विद्यार्थी त्या तशाच रिपोर्टला जोडत. त्या प्रणालीत बीम, कॉलम असे सदस्य एकमेकांना मुळातच रिजिड (घट्ट) जोडलेले धरले जातात; जिथे तसे नाही तिथे रिलीज, म्हणजे सांधा मोकळा असल्याची सूचना, आपण द्यावा लागतो. ते न दिल्यामुळे सिंपली सपोर्टेड म्हणून दिलेला बीम फिक्स्ड (टोके घट्ट अडकवलेला) होऊन बसे आणि आकृतीत तसे काहीही विचित्र दिसत नसे.

त्यावर आम्ही जो उपाय केला तो आजही चालेल असे मला वाटते. संगणकाला हात लावण्याआधी कागदावर एका ओळीत अंदाज लिहायचा, एवढीच अट होती. स्पॅन, म्हणजे आधारांमधले अंतर, ६ मीटर आणि भार मीटरला २० किलोन्यूटन असेल, तर भार गुणिले स्पॅनचा वर्ग भागिले ८ या सूत्राप्रमाणे मधला मोमेंट ९० किलोन्यूटन-मीटर यायला हवा. संगणकाने मध्ये ३० आणि टोकांना ६० दाखवले, तर विद्यार्थ्याने स्वतःच म्हणायला हवे की हे फिक्स्ड बीमचे आकडे आहेत, आधार देताना कुठेतरी चूक झाली आहे. ज्याने आधी ९० लिहिलेले असते तो थबकतो. ज्याने काहीच लिहिलेले नसते त्याला ६० सुद्धा पटतात. तेव्हा गुण त्या पहिल्या ओळीला आणि त्या थबकण्याला द्या, असे मी म्हणेन.

दुसरी गोष्ट स्पष्ट बोलतो. एआय येण्यापूर्वी आपले टर्मवर्क फार प्रामाणिक होते असे नाही. सीनियरचे जर्नल उतरवण्याची प्रथा आपल्या महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आणि आपण सर्वांनी ती पाहूनही तारीख टाकून सह्या केल्या. सबमिशनच्या आठवड्यात रात्रभर जागून लिहिलेल्या त्या पानांतून फारच थोड्यांनी काही शिकले असेल. यंत्रामुळे ही जुनी दुखणी झाकून ठेवणे अशक्य झाले आहे, आणि त्या निमित्ताने टर्मवर्कची रचनाच बदलता आली तर ते मला स्वागतार्ह वाटते.

मात्र एका बाबतीत माझे मत कडक आहे. पहिली दोन वर्षे, म्हणजे मेकॅनिक्स आणि स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स होईपर्यंत, गणिते कागदावर आणि वर्गात बसूनच व्हावीत. कँटिलिव्हर (एकाच बाजूने आधार असलेल्या) छज्ज्याचे मुख्य स्टील वरच्या बाजूला असते हे ज्याच्या अंगात मुरलेले नाही, त्याला यंत्राने खालच्या बाजूला सळया दाखवलेली आकृती दिली तरी तो ती साइटवर नेईल. साइटवर तर चूक आणखी सहज होते. वर बांधलेल्या सळयांवर काँक्रीट ओतणारे मजूर पाय देतात, सळया खाली दबतात आणि तपासणारा अभियंता तिथे नसेल तर छज्जा तसाच भरला जातो. हे पाहण्याची नजर आधी हाताने काढलेल्या आकृत्यांतूनच येते.

उत्तर : अंबड एमआयडीसी

आमचे अंबडला कंट्रोल पॅनेल आणि ऑटोमेशनचे छोटे युनिट आहे. नाशिकला स्विचगियर आणि इलेक्ट्रिकल मालाची मोठी परंपरा असल्यामुळे या कामाला मुलेही इथलीच मिळतात. दरवर्षी इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन आणि ई अँड टीसीची नवी मुले घेतो, त्यामुळे या प्रश्नाचा दुसरा काठ मला रोज दिसतो.

आम्ही स्वतः एआय वापरतो, हे आधी सांगतो. पीएलसी (यंत्रे चालवणारा औद्योगिक संगणक) प्रोग्रामचा पहिला कच्चा आराखडा, ग्राहकाला द्यायचे मॅन्युअल, जुन्या प्रोग्राममधल्या प्रत्येक ओळीसाठी (rung) टीप लिहिणे, ही कामे त्याने पुष्कळ सोपी झाली आहेत. म्हणून मुलाखतीला येणाऱ्या मुलाने ‘मी एआय वापरत नाही’ असे सांगितले तर मला त्याचे विशेष कौतुक वाटत नाही. मला पाहायचे असते ते वेगळेच.

मुलाखतीत मी एक साधा प्रोग्राम समोर ठेवतो : मोटर स्टार्ट, मोटर स्टॉप आणि इमर्जन्सी स्टॉप. त्यात इमर्जन्सीचे बटण नॉर्मली ओपन (एनओ, दाबल्यावरच सर्किट जोडणारे) जोडलेले दाखवलेले असते आणि लॅडरमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या शिडीसारख्या आकृतीत, त्याच्यासाठी एनसी (नॉर्मली क्लोज्ड, एनओच्या उलट) कॉन्टॅक्ट घातलेला असतो. सिम्युलेटरवर हा प्रोग्राम अचूक चालतो. बटण दाबले की मोटर थांबते, सोडून पुन्हा स्टार्ट दिला की चालू होते. विद्यार्थी तो चालवून पाहतात आणि बरोबर आहे म्हणून सांगतात. मग मी विचारतो, ‘या बटणाची वायर तुटली तर काय होईल?’

वायर तुटली तर यंत्राला काहीच कळणार नाही. मोटर चालूच राहील, आणि ज्या दिवशी कोणाचा हात अडकेल त्या दिवशी बटण दाबूनही ती थांबणार नाही. म्हणूनच प्रत्यक्षात बटण एनसी घ्यायचे, म्हणजे सर्व ठीक असताना इनपुट चालू असतो, आणि प्रोग्राममध्ये त्यासाठी एनओ कॉन्टॅक्ट वापरायचा. मग बटण दाबले काय किंवा वायर तुटली काय, इनपुट जातो आणि मोटर थांबते. त्यावरही विसंबून न राहता इमर्जन्सीची साखळी सेफ्टी रिलेमधून स्वतंत्रपणे हार्डवायर करायची. या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या मुलाने प्रोग्राम एआयकडून लिहून घेतला काय किंवा स्वतः लिहिला काय, मला फरक पडत नाही. उत्तर न देणाऱ्याला मी पॅनेलजवळ एकटा सोडू शकत नाही.

आडगावकर सरांचा ‘आधी अंदाज लिहा’ हा मुद्दा आमच्याकडे जसाच्या तसा लागू होतो. मॅडमना माझी सूचना अशी की, टर्मवर्कमध्ये ‘हे बिघडेल कसे?’ असा एक प्रश्न प्रत्येक प्रयोगाला अनिवार्य ठेवावा. यंत्राला तो प्रश्न विचारला तर त्याचीही उत्तरे तो देतो, आणि पुष्कळदा चांगली देतो. पण प्रश्न विचारायचा आहे हे सुचायला माणूसच लागतो, आणि मुलांना ते सुचण्याची सवय महाविद्यालयातच लागली पाहिजे.

आणखी एक सांगायचे राहिले. इंटर्नशिपला आणि स्पॉन्सर्ड प्रोजेक्टला येणारी मुले आमची ड्रॉइंग फोटो काढून मोफत एआय सेवांवर टाकतात आणि त्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. ती ड्रॉइंग आमच्या ग्राहकांची असतात आणि आम्ही गुप्ततेचा करार केलेला असतो. कोणती माहिती बाहेर पाठवायची नाही हे आम्ही पहिल्या दिवशी सांगतो. पण महाविद्यालयाने पाठवण्यापूर्वीच ते शिकवले तर उद्योग अधिक मोकळ्या मनाने दारे उघडतील.

उत्तर : निफाडकर

मॅडम, मी विद्यार्थी म्हणून लिहितो आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो, नंतर डिप्लोमा केला आणि डायरेक्ट सेकंड इयरला स्थापत्यला आलो. बंदीची भाषा निघाली की माझ्यासारख्यांच्या पोटात गोळा येतो, म्हणून आमची बाजू मांडतो.

वर्गात शिकवलेले मला पहिल्या फेरीत पूर्ण समजत नाही. शिक्षक वाईट शिकवतात असे अजिबात नाही, पण इंग्रजी पुस्तकातले वाक्य डोक्यात उतरेपर्यंत फळ्यावरची पुढची पायरी आलेली असते. वर्गात हात वर करून तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारायला संकोच वाटतो. रात्री खोलीवर बसून मी तोच प्रश्न एआयला मराठीत विचारतो आणि समजेपर्यंत विचारत राहतो. सॉइल मेकॅनिक्समधला इफेक्टिव्ह स्ट्रेस मला असाच कळला. सूत्र पाठ होते, एकूण ताणातून पाण्याचा दाब वजा करायचा. पण पाणी जमिनीलगत असेल, संपृक्त मातीचे एकक वजन २० आणि पाण्याचे १० धरले, तर ५ मीटर खोलीवर एकूण ताण १००, पाण्याचा दाब ५० आणि मातीच्या कणांवर प्रत्यक्ष येणारा ताण ५०, हे आकडे घेऊन मी विचारत गेलो. मग उन्हाळ्यात विहिरींचे पाणी खोल गेले की हाच ताण वाढतो आणि मऊ माती का खचते, हे स्वतःच्या गावाकडे पाहून समजले. त्यानंतर त्या प्रकरणातले कुठलेही गणित मला परके वाटले नाही.

आता दुसरी बाजूही लिहितो, कारण ती न सांगणे बरोबर होणार नाही. यंत्राला मी मुद्दाम चुकीचे म्हणालो की ‘तुमचे उत्तर चुकीचे आहे’, तर कित्येकदा तो माफी मागून आपले बरोबर असलेले उत्तर बदलतो. ज्याला विषय येत नाही त्याला यातले कोणते उत्तर धरावे ते कळणार नाही. म्हणून मी गणित आधी वहीत पूर्ण सोडवतो, त्याचा फोटो देतो आणि ‘उत्तर सांगू नकोस, पहिली चुकलेली पायरी कोणती तेवढेच सांग’ असे लिहितो. ती पायरी मग पुस्तकात शोधतो. माझे बरेच मित्र मात्र प्रश्नाचा फोटो देतात आणि उत्तर घेतात, कारण सबमिशनची तारीख उद्याची असते आणि आठ विषयांची कामे एकाच आठवड्यात मागितलेली असतात. मॅडम, तारखा थोड्या पुढेमागे झाल्या तरी यातले बरेच कमी होईल, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आडगावकर सरांना आदरपूर्वक सांगतो की पहिली दोन वर्षे पूर्ण बंद ठेवले, तर ज्यांच्या घरी शिकवायला कोणी नाही त्यांचे नुकसान जास्त होईल. ज्यांना क्लास परवडतो ते क्लास लावतील.

उत्तर : पालक, सिडको

माझी मुलगी द्वितीय वर्षाला आहे. तिच्या वर्गातल्या काही मुलांकडे पैसे भरून घेतलेली एआय सेवा आहे आणि बाकीच्यांकडे मोफत. शिक्षकांनी वापराला परवानगी देताना हा फरकही लक्षात घ्यावा, एवढीच विनंती आहे. प्रयोगशाळेत सर्वांसाठी एकच साधन उपलब्ध करून दिले तर बरे होईल.

उत्तर : संगणक विभाग

मी नाशिकमध्येच संगणक अभियांत्रिकीला शिकवतो. आमच्याकडे हा प्रश्न सर्वांत आधी आला, कारण ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी खुले झाले आणि त्यानंतरच्या प्रोग्रामिंगच्या प्रॅक्टिकलपासूनच आम्हाला त्याची झळ लागली.

प्रथम, एआयने लिहिलेला मजकूर ओळखणाऱ्या साधनांच्या नादी कोणी लागू नये, ही कळकळीची विनंती. ओपनएआयने स्वतःचे असे साधन अचूकता कमी असल्याचे कारण देऊन जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधने तपासली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींनी स्वतः लिहिलेल्या टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरवले गेले. निफाडकर यांच्यासारखा विद्यार्थी कष्टाने साधे, मोजके इंग्रजी लिहितो, आणि अशा साधनाच्या हाती सापडणारा पहिला तोच असतो. त्याच्यावर खोटा आळ येण्यापेक्षा चार लबाड विद्यार्थी सुटलेले मी पत्करीन.

शिकण्यावर परिणाम काय होतो, यावर आता चांगले प्रयोग झालेले आहेत. तुर्कस्तानातल्या एका शाळेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे एक हजार विद्यार्थ्यांना गणिताच्या सरावासाठी तीन गटांत विभागले. साधा चॅटबॉट मिळालेल्या गटाची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली, पण साधन काढून घेऊन परीक्षा घेतल्यावर हा गट साधन अजिबात न मिळालेल्या गटापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडला. तिसऱ्या गटाला दिलेला चॅटबॉट शिक्षकांच्या मदतीने असा घडवला होता की तो थेट उत्तर न देता सूचना देईल. त्या गटाचा सराव १२७ टक्क्यांनी सुधारला आणि परीक्षेत तो मागे पडला नाही. हार्वर्डमध्ये २०२३ साली भौतिकशास्त्राच्या वर्गावर झालेल्या प्रयोगात तर काळजीपूर्वक घडवलेल्या एआय शिक्षकाकडून विद्यार्थी वर्गातल्या कृतिशील तासापेक्षा कमी वेळात जास्त शिकले. तिथे प्रत्येक प्रश्नाची पायरी-पायरीने केलेली उकल शिक्षकांनी यंत्राला आधीच पुरवलेली होती. म्हणजे यंत्र उत्तर देते की विचार करायला लावते, यावर सगळे अवलंबून आहे. निफाडकर यांनी स्वतःहून जी अट घातली आहे, ‘उत्तर सांगू नकोस’, तीच या प्रयोगांतली कळीची गोष्ट आहे.

आमच्याकडे आम्ही दोन बदल केले. प्रोजेक्टचा कोड गिटवर, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रणालीवर, ठेवणे अनिवार्य केले, त्यामुळे काम सत्रभर कसे वाढत गेले ते दिसते आणि आदल्या रात्री एकदम आलेला कोड लपत नाही. आणि प्रॅक्टिकलच्या परीक्षेत विद्यार्थ्याने त्याच्याच कोडमध्ये आमच्यासमोर एक छोटा बदल करून दाखवायचा असतो. ज्याला आपला कोड कळलेला आहे त्याला हा बदल अवघड जात नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर : गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. प्रत्येकाच्या लिहिण्यातून मला काही ना काही उचलता आले, त्यामुळे या सत्रासाठी काय ठरवते आहे ते लिहिते. त्यात उणे दिसले तर जरूर सांगावे.

फायलीत एआय वापरायला मी परवानगी देणार आहे. फाइलच्या मजकुराला मात्र नाममात्र गुण राहतील. मुख्य गुण शेवटी जोडलेल्या एका हस्तलिखित पानाला असतील. त्या पानावर गणित सुरू करण्याआधीचा अंदाज असेल, वापरलेल्या प्रत्येक गुणकाचा आयएस ४५६ मधला कलम क्रमांक स्वतः संहिता उघडून लिहिलेला असेल, यंत्राच्या उत्तरात काय चुकले किंवा काय तपासून बरोबर निघाले ते असेल, आणि अंबडकरांनी सुचवलेला ‘हे बिघडेल कसे?’ हा प्रश्न असेल. ग्रंथालयातल्या संहितेच्या प्रती पुरणार नाहीत, त्यांची व्यवस्था आधी करावी लागेल. ओरलला मी स्पॅन बदलून विचारणार आहे. फाइलमध्ये ४ मीटर असेल तर मी ५ मीटर म्हणेन, आणि बीमची खोली, स्टील आणि डिफ्लेक्शन यांपैकी काय किती बदलेल ते विद्यार्थ्याने अंदाजाने सांगायचे. स्पॅन सव्वापट झाला की मोमेंट दीडपटीहून अधिक होतो, हे ज्याला चटकन सांगता येईल त्याला माझे गुण मिळतील. वीसएक मुलांच्या बॅचला प्रत्येकी पाच-सात मिनिटे दिली तरी ते एका प्रॅक्टिकलच्या स्लॉटमध्ये जेमतेम बसते, आणि तो वेळ फायली वाचण्यातून वाचवता येईल असे वाटते.

आडगावकर सर, पहिल्या दोन वर्षांबद्दल आपले म्हणणे मला निम्मे पटते. वर्गातले ट्युटोरियल कागदावरच व्हावे यात शंका नाही. घरी मात्र निफाडकरसारख्या मुलांच्या हातून हे साधन काढून घेणे मला न्याय्य वाटत नाही. विशेषतः डिप्लोमा करून थेट द्वितीय वर्षाला येणाऱ्यांना आम्ही गणिताची उजळणी करून देत नाही, ती ते याच मार्गाने भरून काढतात. त्याऐवजी ‘उत्तर सांगू नकोस’ ही पद्धत पहिल्याच तासाला सर्वांना शिकवावी आणि पालकांनी सुचवल्याप्रमाणे प्रयोगशाळेत एकच साधन सर्वांना द्यावे, असा प्रस्ताव मी विभागाच्या बैठकीत मांडणार आहे. सबमिशनच्या तारखा विषयवार पसरवण्याचाही त्यात समावेश करते.

एक अडचण राहते. ओरलला येणारे एक्स्टर्नल परीक्षक आजही फाइलची जाडी आणि आकृत्यांची रंगसंगती पाहून गुण सुचवतात. त्यांना हे एक पान कसे समजावून सांगायचे, याचा विचार अजून चालू आहे. आणि अंबडकर, विद्यार्थ्यांना तपासायला देता येईल असे आपल्याकडचे एखादे जुने ड्रॉइंग मिळू शकेल का?

उत्तर : अंबड एमआयडीसी

मॅडम, ड्रॉइंग नक्की देतो. आमच्याच शेडचे आर.सी.सी. ड्रॉइंग आहे, ते ग्राहकाचे नसल्यामुळे गुप्ततेची अडचण येणार नाही. नाव आणि पत्ता तेवढा झाकून पाठवतो. त्यातल्या केबल ट्रेंचच्या तपशिलात बांधकामाच्या वेळी एक दुरुस्ती करावी लागली होती. मूळ आणि सुधारित अशा दोन्ही प्रती वेगवेगळ्या देतो, विद्यार्थ्यांना आधी मूळ प्रतच दाखवा. एक्स्टर्नलच्या बाबतीत असे करता येईल : ओरलच्या दिवशी त्यांच्या हातात फाइल जाण्याआधी ते एक पान द्या, आणि स्पॅन बदलण्याचा प्रश्न त्यांनाच विचारू द्या. आमच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी ओरल असेल तर मलाही बसायला आवडेल, तारीख कळवा.